आठ-दहाची फेरी

मिस ओफेलिया कुलासो खुर्चीत कधी बसत नाहीत.
पाटोच्या तिसऱ्या मजल्यावर, काचेच्या दाराशी
मनगट वर धरून उभ्या असतात
आणि सेकंदकाटा बारावर टेकला की
कडी.
"नऊ वाजून एक मिनिटाला काय दिसतं, हळर्णकर?"
"विमानाची शेपटी, मिस."

अंबाड्याला जाळी, जाळीत एकवीस पिना,
मानेवर एकही बट नको.
नखं बोटांपुढे दोन मिलिमीटर, रंग सगळ्यांचा एकच,
ओल्या विटेचा,
दिवाडीच्या दुकानात न मिळणारा.
हसताना वरचे आठ दात.
मी सहाच दाखवते, असं त्या म्हणाल्या
हातात पट्टी घेऊन.
पहिल्याच आठवड्यात फ्रॅन्सिला रडली. काजळ पुसून परत यायला
तिला मिळाली चार मिनिटं.
ती पाचव्या मिनिटाला आली,
आणि मग कधी आलीच नाही.

आणि माझा बाप फेरीबोटीवर खलाशी.
दिवाडी ते रायबंदर, रायबंदर ते दिवाडी,
एकोणतीस वर्षं दोर सोड, दोर बांध.
त्याचं घड्याळ म्हणजे
धक्क्याच्या वळणावरून येणारी हाक:
राव रे, मातसो राव!
आणि तो थांबायचा.
मास्तरांच्या स्कूटरसाठी, मासळीच्या पाटीसाठी,
एकदा एका नवरदेवासाठी, ज्याचा एकच बूट सापडला होता,
एकदा तर एका म्हशीसाठी,
जिला यायचंच नव्हतं.

रात्री मी आरशापुढे सराव करायची.
दोन्ही हात पुढे, मग बाजूला, मग मागे:
बाहेर पडायचे मार्ग.
बाबा जेवता जेवता बघायचा.
"आणि कोण धावत आला तर?"
"दार बंद म्हणजे बंद."
"वळखीचा असला तर?"
"बाबा!"
त्यानं भातात हुमण कालवलं,
कालवतच राहिला.

परीक्षेच्या दिवशी चौदावी पिन वाकली.
दुसरी शोधण्यात गेलं ते गेलं.
वळणावर आले तेव्हा आठ-दहा,
उंच टाचा हातात, पाय अनवाणी,
तळव्याला धक्क्याची खडी.
हाक घशात होती. गावातल्या सगळ्यांनी मारलेली,
मलाच ती मारायची, का कोण जाणे,
लाज वाटली.
बाबानं मला बघितलं. नीट बघितलं.
मग साखळी ओढली.
रॅम्प वर गेला आणि मधे पाणी आलं,
आधी वीतभर,
मग म्हशीएवढं,
मग मांडवी.
पार मधोमध गेल्यावर त्यानं काय करावं?
दोन्ही हात पुढे केले. मग बाजूला.
बोटीवरची माणसं त्याच्याकडे बघत होती.

नऊ वाजून चार मिनिटांनी काचेपलीकडे मिस कुलासो.
कडी काढली नाही.
काचेवर बोट टेकवून
माझ्या मानेवरची बट तेवढी दाखवली.
मी जिन्यात बसून ती आत खोचली,
कुणी बघत नव्हतं तरी.
परीक्षा आता पुढच्या महिन्यात.

घरी दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.
तिसऱ्या रात्री तो ताटाकडे बघत म्हणाला,
"रिक्षात कायतान होता.
बांबोळीला जातो, रक्त धुवायला, आठवड्यातनं तीनदा.
दर खेपेला त्याचा नंबर चुकतो.
कधी बोलला नाही.
परवा नर्सबाईनं सांगितलं."
मी पाणी प्यायले.
बाहेर शेजाऱ्यांचा पंप चालू झाला, बंद झाला.

मग बऱ्याच वेळानं,
"ते हात बरोबर होते ना गो?"
"मागचा दरवाजा राहिला," मी म्हटलं.
तो ताटावरून उठला
आणि उष्ट्या हातानंच
मागचा दरवाजा दाखवला.